मानशीची पावणी आणि मासेमारीचा परवाना

आरोंद्याला तेरेखोल नदी ओलांडली की राज्य बदलते. उत्तर काठावर सिंधुदुर्गातला आरोंदा, दक्षिण काठावर पेडण्यातले किरणपाणी. मधले पाणी खारे, भरती-सुकतीचे. त्यातले शेवटे, काळुंदरे हे मासे आणि सुंगटे, म्हणजे कोळंबी, दोन्ही काठांना सारखीच. होडी मात्र दोन्ही काठांना सारखी नसते. एका काठावरच्या मच्छीमाराचे कागद पणजीच्या मत्स्योद्योग खात्याचे, तर समोरच्याचे महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे. नदी पुढे समुद्राला मिळते तिथे आणखी एक गुंता आहे. मुखाच्या उत्तर बाजूला, म्हणजे भूगोलाने सिंधुदुर्गाला लागून असलेला तेरेखोलचा किल्ला आणि गाव गोव्यात मोडतात. पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, आणि त्या लढाईची रेघ आज अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही समोरच्या काठावरच्या केरीच्या होडीवाल्याला ठाऊक असावी लागते.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी मासेमारीपुरते राज्याच्या अखत्यारीत येते. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा. गोव्यात नोंदलेला ट्रॉलर वेंगुर्ला-मालवणसमोर जाळे ओढताना सापडला की महाराष्ट्राची गस्ती नौका त्याला पकडून आणते, मासळीचा लिलाव होतो, दंड बसतो. सिंधुदुर्गातल्या वृत्तपत्रांना ही बातमी नवी नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून परराज्यातल्या नौकांचा दंड लाखांत नेला. म्हणजे परवाना मिळवणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच तो कुठल्या पाण्यात चालतो हे कळणेही. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडणे आणि समुद्रच नसलेल्या डिचोली या दोन तालुक्यांत या दुसऱ्या प्रश्नाला फार जुना इतिहास आहे.

हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या प्रदेशातले. तिसवाडी, बार्देश, सासष्टी पोर्तुगीजांच्या हाती सोळाव्या शतकातच गेली. तिसवाडीतल्या गावकऱ्यांचे हक्क आफोंसो मेशियाने १५२६ च्या फोरालमध्ये लिहून ठेवले. डिचोली आणि सत्तरी पोर्तुगीजांनी घेतली ती १७८१-८२ च्या सुमारास, आणि पेडणे कायमचे त्यांच्याकडे गेले ते १७८८ च्या तहाने. तोवर इथे सावंतवाडीकरांचा अंमल होता. त्यापूर्वी १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी डिचोलीतल्या नार्वे गावी सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला होता. पुढे पोर्तुगीज इथे आले ते जुनी घडी मोडण्याच्या तयारीने नव्हे, तर तिथल्या चालीरीती राखण्याचे वचन देऊन. या प्रदेशाच्या रूढी-रिवाजांची लिखित संहिता सरकारने एकोणिसाव्या शतकात केली. तिची १८५३ ची आवृत्ती पुढे बराच काळ प्रमाण मानली गेली.

मासा कुणी धरायचा, हा त्या रिवाजांतला एक ठळक भाग होता. त्याची जागा समुद्रात कमी आणि खाजनात जास्त.

खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली जमीन. गोव्यात अशी जमीन साधारण १८,००० हेक्टर असल्याचे सांगतात. पेडण्यात कोरगाव आणि आगरवाडा, डिचोलीत मये, पिळगाव आणि नार्वे, अशा गावांच्या सपाट भागांचा जीव याच बांधांवर अवलंबून होता. चिखल, पेंढा, दगड घालून बांध रचायचा आणि नदीच्या अंगाला त्यात दार ठेवायचे. त्यालाच मानस म्हणतात. चिरेबंदी गाळ्यात मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाच्या झडपा बसवलेल्या असतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तसे झडप आपोआप मिटते. सुकतीला आतले पाणी बाहेर रेटते आणि झडप उघडते. माणसाने फक्त गरज पडेल तेव्हा ती अडकवायची किंवा मोकळी करायची. खाऱ्या पाण्याने कुजू नये म्हणून मत्तीचे लाकूड. आतल्या शेतात कोरगूट, आसगो असे खार सोसणारे भात.

भात कापून झाले की या व्यवस्थेचा दुसरा अर्धा भाग सुरू व्हायचा. खारे पाणी मोजून-मापून आत घ्यायचे. त्याच्याबरोबर सुंगटांची आणि माशांची पिल्ले आत येतात, पोंयीत, म्हणजे आतल्या पाण्याच्या खोल चरात, वाढतात. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, रात्री, सुकतीच्या वेळी मानशीच्या तोंडाला पिशवीसारखे जाळे लावायचे. झडप उघडली की पाणी जोराने नदीकडे धावते आणि त्याच्याबरोबर सुंगटे जाळ्यात येतात. कंदिलाच्या उजेडात जाळे झाडायचे, बारीक पिल्ले पुन्हा पाण्यात सोडायची, पुढच्या पाण्याला पुन्हा लावायचे. वर्षाच्या त्या थोड्या रात्री मानशीवरच्या माणसाला झोप नसे.

त्या जाळ्यावर हक्क कुणाचा? तिथे पावणी व्हायची. पावणी म्हणजे जाहीर लिलाव. गावकरी, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणारी संस्था, ती बोलवत असे. जिथे भाटकार किंवा इनामदार होता तिथे त्याचा कारभारी. जो जास्त बोली लावेल त्याला वर्षापुरती किंवा ठरल्या मुदतीपुरती मानस मिळे. त्याने झडपांची देखरेख करायची, भातपिकाच्या काळात खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, बांधाला भोक दिसले तर ताबडतोब वर्दी द्यायची. पावणीचा पैसा गावाच्या तिजोरीत जाई आणि त्यातूनच बांधाची दुरुस्ती होई. हंगाम संपताना पोंयीत उरलेला मासा गावाने मिळून धरायचा, असाही रिवाज कित्येक गावांत होता.

या जुन्या घडीचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. गावकरीत वाटा होता तो जमीनधारक घराण्यांचा. समुद्रावर आणि खाडीवर खऱ्या अर्थाने जगणाऱ्या गाबीत आणि खारव्यांना बहुतेक ठिकाणी त्या बैठकीत जागा नव्हती. त्यांनी पावणीला पैसे लावायचे किंवा दुसऱ्याच्या मानशीवर मजुरीने राबायचे. पेडण्यात देशप्रभूंसारखे मोठे जमीनदार होते, मये गाव तर पोर्तुगीज काळात एका काउंटच्या नावे होते. त्या गावच्या जमिनीचा प्रश्न १९६१ च्या मुक्तीनंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोंबकळत राहिला आणि त्यावर २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही एक गोष्ट त्या व्यवस्थेने पक्की बांधली होती: मासा धरण्याचा हक्क आणि पाणी सांभाळण्याची जबाबदारी एकाच हातात दिली होती. पुढे आलेल्या परवान्यात ही गाठ सुटली, आणि या दोन तालुक्यांतल्या आजच्या कितीतरी तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

उघड्या नदीचे आणि समुद्राचे गणित वेगळे होते. तिथे पोर्तुगीज सरकारची नजर होती ती बंदर कप्तानाच्या कार्यालयामार्फत. होडी पाण्यात उतरली की तिची नोंद हवी, आणि पात्रात खुंट रोवून जाळे बांधायचे तर ते गलबतांच्या वाटेत येणार नाहीत याची खातरजमा हवी. त्या कार्यालयाची मुख्य काळजी वाहतुकीची होती. मासे किती उरले, पिल्ले सुटली की नाहीत, हा त्याचा विषय नव्हता. ‘कॅप्टन ऑफ पोर्ट्स’ या नावाने ते खाते आजही पणजीत आहे.

त्याच सुमारास तेरेखोलच्या पलीकडे इंग्रजांचा कायदा वेगळ्या दिशेने चालला होता. १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेंगुर्ला-मालवणला. सावंतवाडी संस्थान आणि गोवा त्यातून बाहेर. त्या कायद्याने पाण्यात सुरुंग फोडून किंवा विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरवले आणि प्रांतिक सरकारांना जाळ्यांवर, ठरावीक पाण्यावर, हंगामावर नियम करण्याचा अधिकार दिला. घाटाखालच्या ओढ्यांत गेळफळासारखी फळे ठेचून डोहात टाकायची आणि गुंगी येऊन वर तरंगणारे मासे वेचायचे, ही रीत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना जुनी होती. सुरुंग मात्र रस्ते, रेल्वे आणि खाणींबरोबर आला. डिचोलीत तो पुढे मोठ्या प्रमाणावर येणार होता.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. दयानंद बांदोडकरांचे पहिले लोकनियुक्त सरकार १९६३ मध्ये आले आणि त्याच वर्षी मत्स्योद्योग खाते उभे राहिले. त्या काळचा ध्यास उत्पादन वाढवण्याचा होता, आणि तो चुकीचा नव्हता. गोव्याला मासळी हवी होती, निर्यातीसाठी सुंगटांना भाव होता, केंद्राकडून कर्जे आणि अनुदाने मिळत होती. त्यातून यांत्रिक ट्रॉलर आले. पण ज्यांच्या नावावर ते आले त्यातले बरेच जण मच्छीमार घरांतले नव्हते. पैसा उभा करू शकणाऱ्यांच्या हातात बोट गेली, आणि समुद्रावर वाढलेला माणूस तिच्यावर खलाशी झाला.

याचा फटका बसला तो रांपणीला. रांपण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे प्रचंड जाळे. होडी जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून समुद्रात शिरते, अर्धवर्तुळात जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक थोड्या अंतरावर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही दोरांना माणसे लागतात, वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त. एका लयीत, टाचा वाळूत रोवून, तासन् तास ओढायचे. बांगड्यांचा किंवा तारल्यांचा थवा किनाऱ्याजवळ आला असेल तर एका ओढीत वाड्याचे पोट भरे. वाटण्या ठरलेल्या असत: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, देवाचा वाटा. तारल्या फारच आल्या तर उरलेल्या माडांच्या मुळांशी खत म्हणून जात. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या पेडण्याच्या पट्ट्यात रांपण चाले ती याच रीतीने. तिची सगळी मदार मासा किनाऱ्याजवळ येण्यावर. ट्रॉलर जेव्हा उथळ पाण्यात, सुंगटांच्या मागे, तळ खरवडत फिरू लागले तेव्हा थवा किनाऱ्यापर्यंत पोहोचेनासा झाला. वर ट्रॉलरच्या फेऱ्यांत गरिबांची जाळी फाटायची ती वेगळीच.

सत्तरच्या दशकात दक्षिण गोव्यातून उठलेले रांपणकारांचे आंदोलन अशा रीतीने पेटले. माथानी साल्ढाणा या शिक्षकाने त्याचे नेतृत्व केले. ‘गोंयच्या रांपणकारांचो एकवोट’ ही संघटना उभी राहिली, मोर्चे निघाले, उपोषणे झाली, समुद्रात ट्रॉलर आणि होड्या समोरासमोर आल्या. एकट्या गोव्याची ही कथा नव्हती. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवरही हेच घडत होते. १९७८ मध्ये या सगळ्यांचा मिळून राष्ट्रीय मंच तयार झाला आणि त्याच्या स्थापनेत गोव्याच्या रांपणकारांचा मोठा वाटा होता. केंद्राने १९७६ मध्ये मुजुमदार समिती नेमली. तिच्या कामातून नमुना विधेयक तयार झाले आणि ते १९७९ मध्ये राज्यांकडे पाठवले गेले. ‘गोवा, दमण आणि दीव सागरी मासेमारी नियमन कायदा’ १९८० चा. केरळचाही त्याच वर्षीचा. देशात या प्रकारचे पहिले कायदे या दोघांचे.

माथानी साल्ढाणा पुढे आमदार झाले, मंत्री झाले आणि २१ मार्च २०१२ रोजी, नव्या मंत्रिमंडळात शपथ घेतल्यावर थोड्याच दिवसांत, वारले. आज गोव्यात मासेमारीचा जो परवाना दिला जातो, त्याच्या मागे खात्यातल्या फायलींइतकीच वाळूत बसून केलेली ती उपोषणे आहेत. अर्ज भरणाऱ्या नव्या पिढीला हे माहीत असायला हवे.

या कायद्याने समुद्राची वाटणी केली. किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांचा. यांत्रिक ट्रॉलरने त्याच्या बाहेर जायचे. जाळ्याच्या आसाला किमान माप लागू झाले: सुंगटांसाठी २० मिलिमीटर, माशांसाठी २४. नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवखा माणूस अडतो तो इथेच. नोंदणी म्हणजे बोटीची ओळख: मालक कोण, लांबी किती, इंजिन किती अश्वशक्तीचे. परवाना म्हणजे त्या बोटीने, त्या प्रकारच्या जाळ्याने, ठरलेल्या पाण्यात मासे धरण्याची मुभा. नोंदणी झाली म्हणून परवाना आपोआप मिळत नाही, आणि परवान्याचे नूतनीकरण राहिले तर नोंदलेली बोटही बेकायदा मासेमारी करते. २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी समुद्रातून आल्यावर हे सगळे अधिक कडक झाले. मच्छीमारांना ओळखपत्रे आली आणि देशभराच्या नौकांची नोंद ‘रियलक्राफ्ट’ या एकाच संगणकीय प्रणालीत घेतली जाऊ लागली. गोव्याच्या नौकेच्या क्रमांकात ‘आयएनडी’नंतर ‘जीए’ ही अक्षरे येतात ती त्यामुळे.

पेडण्याच्या किनाऱ्यावर मोठा मासेमारी धक्का नाही. ट्रॉलर लागतात ते मालीम, कुटबण, वास्को अशा ठिकाणी. शापोरा नदीच्या मुखाशी धक्का आहे, पण तो दक्षिण काठाला, बार्देशात. पेडण्यात आहेत ती बाहेरून मोटर लावलेली फायबरची होडकी आणि कांटाळी, म्हणजे मासे आसांत अडकवणारी जाळी. म्हणून या तालुक्याला लागू पडणारा सर्वांत महत्त्वाचा नियम पावसाळी बंदीतला अपवाद आहे. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. गोव्याच्या अधिसूचनेत १० अश्वशक्तीपर्यंतची मोटर लावून कांटाळीने मासे धरणाऱ्या नोंदणीकृत होड्यांना त्यातून सूट आहे. मोटर दहाची की त्याहून मोठी, एवढ्या फरकावर केरीच्या एखाद्या घरातली ज्येष्ठ-आषाढातली चूल ठरते. आणि ती सूट घ्यायची तर होडीची नोंद खात्यात असायला हवी. नोंद न करता वर्षानुवर्षे मासे धरलेल्या माणसाला कागदाची किंमत कळते ती जूनमध्येच.

कायद्याच्या आधीही हा हंगाम पाळला जात होता. पाऊस सुरू झाला की होडी वर ओढून झावळ्यांखाली झाकायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच पुन्हा पाण्यात लोटायची. ती मुदत सरकारी ६१ दिवसांहून बहुतेक वर्षी लांबच असते, आणि माशांच्या वाढीच्या दृष्टीने जुन्यांचा हिशेब चांगला होता, असे अनेक मच्छीमार आजही ठासून सांगतात.

पेडण्याच्या किनाऱ्याला आणखी एक हद्द आहे, ती कासवांची. मोरजीला, विशेषतः टेंबच्या वाळूत, ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून वन खाते तिथे घरट्यांची राखण करते, आणि या कामात सुरुवातीपासून गावच्या लोकांचा हात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला हा प्राणी. तो जाळ्यात आला तर परवाना असो वा नसो, सोडलाच पाहिजे. तसेच काही शार्क, करवत मासा, समुद्रघोडे. मत्स्योद्योग खात्याने दिलेली मुभा वन खात्याच्या यादीशी थांबते, हे किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत फार वर्षे गेली.

पाच किलोमीटरच्या पलीकडचे भांडण तर अजून मिटलेले नाही. प्रखर एलईडी दिवे लावून मासळी एका जागी गोळा करून उपसण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. गोव्यातली पारंपरिक मच्छीमारांची संघटना ती बंदी खऱ्या अर्थाने राबवा म्हणून आजही भांडते आहे. १२ सागरी मैलांपलीकडचा, २०० मैलांपर्यंतचा अनन्य आर्थिक क्षेत्राचा पट्टा केंद्राचा. तिथे जाणाऱ्या यांत्रिक नौकांना वेगळा प्रवेशपास लागेल, असे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. लहान, पारंपरिक होड्या त्यातून वगळल्या आहेत.

डिचोलीला यातले काहीच लागू होत नाही, आणि तरी तिथे मासेमारी आहे. मांडवी, वाळवंटी, डिचोलीची नदी, मयेचा तलाव, आमठाण्याचे धरण, शिवाय पावसात भरणारे ओढे आणि मळे, इतके पाणी त्या तालुक्यात आहे. या पाण्याला सागरी कायदा नव्हे, तर १८९७ च्या कायद्याखालचे नियम लागू होतात. मुक्तीनंतर तो कायदा गोव्यात आला तेव्हा, इंग्रजांनी कधी राज्य न केलेल्या या प्रदेशाच्या ओढ्यांवर इंग्रजी काळातली बंदी लागू झाली: सुरुंग नको, विष नको. नद्यांतली जाळी आणि खुंट यांची नोंद आणि परवाने मत्स्योद्योग खात्याकडे असतात. धरणाच्या जलाशयात मासे धरायचे तर खात्याची स्वतंत्र मुभा लागते. शिवाय आमठाण्यात मगरी आहेत.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की नदीतले गोडे मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, ओढ्यांतून भाताच्या मळ्यांकडे निघतात. चढणीचे मासे. खवळे, थिगूर आणि कितीतरी. रात्री टॉर्च घेऊन, बांबूच्या कामट्यांचे सापळे पाणंदीच्या तोंडाशी लावून, गुडघाभर पाण्यात उभे राहून ते धरण्याची हौस डिचोली-सत्तरीत घराघरात आहे. या मासेमारीला कुणी परवाना मागायला जात नाही. जुन्या रीतीत एक लगाम होता: ओढ्याचे पूर्ण तोंड बांधायचे नाही, काही मासा वर जाऊ द्यायचा. आता नायलॉनचे बारीक जाळे बाजारात स्वस्त मिळते आणि ते अख्खा ओढा अडवते. पोटात अंडी असलेला मासा मारण्याची ही मजा थांबली पाहिजे. सिंचनासाठी वाळवंटीसारख्या नद्यांवर जागोजागी बंधारे झाले, त्यांनीही चढणीची वाट तोडली. बंधारा बांधणारे जलस्रोत खाते आणि मासा मोजणारे मत्स्योद्योग खाते यांची गाठ क्वचित पडते.

डिचोलीच्या पाण्यावर सगळ्यात मोठा घाव मात्र खाणींचा. लोहखनिजाचे उत्खनन पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या दशकांत वाढले आणि मुक्तीनंतर वाढतच गेले. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. डिचोलीतल्या डोंगरांवर टाकलेली लाल माती प्रत्येक पावसात ओढ्यांत, मळ्यांत, नदीच्या तळाशी उतरली. सारमानस, आमोणे इथल्या धक्क्यांवरून भरलेल्या बार्जेस मांडवीतून दिवसरात्र खाली जायच्या. त्यांच्या लाटांनी खाजनांचे बांध ढासळले, खुंट आणि जाळी गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्याने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणच रद्द केले. नवे लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्याच पट्ट्यात उत्खनन पुन्हा सुरू झाले. नार्व्याच्या किंवा पिळगावच्या मच्छीमाराच्या हातातल्या परवान्यात जाळ्याची माहिती आहे. तळावरच्या गाळाबद्दल विचारण्याचा अधिकार त्याला त्या कागदाने दिलेला नाही. मानस घेणाऱ्या त्याच्या आजोबाला बांधाबद्दल बोलण्याचा अधिकार होता, नव्हे, त्याच्यावर ती सक्ती होती.

खाजनांतही हक्क आणि जबाबदारीची ती गाठ सुटली. १९६४ च्या कूळ कायद्याने शेती कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ते न्यायाचेच होते. बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांकडे गेली आणि मानशीच्या पावणीचा पैसाही. पण सुंगटांचा भाव भाताच्या कितीतरी पट चढला. कोरगावसारख्या ठिकाणी आणि इतरत्रही असे दिसू लागले की बांध फुटला तर तो बुजवण्याची कुणाला घाई नाही, कारण खारे पाणी आत राहिले तर शेत पडीक पडते, पण सुंगटे वाढतात. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी झाल्या. कोरगूटची शेते तिवरांखाली गेली. जो मासा पूर्वी भाताच्या मागे यायचा तो भाताच्या जागी आला, आणि बांध पुरता गेल्यावर पोंयही राहिली नाही.

अशात २०१६ चा राष्ट्रीय जलमार्ग कायदा आला. गोव्याच्या सहा नद्या त्यात आहेत, मांडवी ६८ व्या क्रमांकावर, शापोरा २५ व्या. म्हणजे पेडण्याची दक्षिण हद्द आणि डिचोलीची मोठी नदी दोन्ही. नदीकाठच्या मच्छीमारांनी तेव्हा ग्रामसभांत विचारलेले प्रश्न असे होते: पात्रात रोवलेल्या खुंटांचे काय होणार, गाळ उपसला तर तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या जागांचे काय, मोठ्या बोटींच्या लाटांनी बांध फुटला तर भरपाई कोण देणार. शापोऱ्याच्या काठावर आगरवाडा-चोपड्यात मिठागरे, खाजने आणि शिंपल्यांच्या जागा एकमेकांना लागून आहेत. तिथे हा प्रश्न नकाशावरचा राहत नाही. नद्यांवरचे राज्याचे अधिकार आणि मच्छीमारांचे हक्क अबाधित राहतील, असे सरकारने तेव्हा सांगितले. ते आश्वासन प्रत्येक खुंटाच्या परवान्यात, त्या त्या पाण्याच्या नावानिशी लिहून मिळावे, एवढी मागणी रास्त आहे, आणि ती मांडायची जागा ग्रामसभा हीच आहे.